डावा डोळा

माझी आई बाहुल्यांचा डावा डोळा रंगवायची. फक्त डावा. उजवा रंगवायला तिच्या शेजारी दुसरी बाई बसायची. डावा म्हणजे बाहुलीचा की आपला, असं लोक हटकून विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकते: बाहुली समोर धरली की आपल्या डाव्या हाताला येतो तो. आई या एका डोळ्यावर अख्खं आयुष्य बसली. वर घरी येऊन एवढा दंगा करायची की लहानपणी मला आणि दादाला वाटायचं, ही कारखान्यात खेळायला जाते आणि तिथे कंटाळा आला की घरी येते.

कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. खिडक्या उंचावर, रंगाचा आणि थिनरचा वास, मधोमध टेबल. टेबलाच्या एका टोकाकडून बिनचेहऱ्याची डोकी खुंट्यांवर लावून पुढे पुढे यायची. एकजण ओठ काढायची, एकजण गाल गुलाबी करायची, एकजण भुवया. डोळ्यांना मात्र दोघी, कारण दोन्ही डोळे एकाच हाताने काढायचे तर खुंटी फिरवावी लागते, आणि खुंटी फिरवण्यात दिवस जातो असं मुकादमाचं म्हणणं. आईने डावा डोळा काढायचा, खुंटी शेजारी सरकवायची आणि तोंडाने सांगायचं: "सरळ." किंवा "खाली." किंवा "दाराकडे." म्हणजे माझा डोळा तिकडे बघतोय, तुझाही तिकडेच बघू दे. शेजारणीला आधी काढलेला डोळा निरखायला फुरसत नसायची. ती कानाने ऐकून हाताने काढायची. कारखान्यात दोघींना कुणी नावाने हाक मारत नसे. आई 'डावी' आणि ती 'उजवी'. आमच्या घरीसुद्धा ती शेवटपर्यंत उजवी मावशीच राहिली.

एकदा दोघींचं बिनसलं. कशावरून ते कुणालाच धड आठवत नाही. आई म्हणायची खिडकीवरून, मावशी म्हणायची डब्याच्या झाकणावरून. अबोला धरला तो असा की दोघी पाठीला पाठ लावल्यासारख्या बसायच्या. अबोला म्हटल्यावर "सरळ" नाही आणि "दाराकडे" नाही. आईने आपला डोळा आपल्या मर्जीने काढावा, मावशीने तिचा तिच्या. दोघींचे हात तयारीचे, त्यामुळे एकेक डोळा सुरेख. पण अख्ख्या खेपेतली एकही बाहुली दोन्ही डोळ्यांनी एकीकडे बघत नव्हती. मुकादमाने एक डोकं उचललं, दुसरं उचललं, मग डोक्याला हात लावून खालीच बसला.

"बायांनो, तुमचं भांडण तुमच्या घरी न्या," तो म्हणाला. "लेकरांनी ते बाहुलीच्या तोंडावर का बघायचं?"

त्यावर आधी मावशी फिसकन हसली, मग आई. अबोला तिथेच संपला. खेप मोडीत गेली, पण एक डोकं आईने पिशवीत घालून घरी आणलं आणि स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या फळीवर ठेवलं. "एक डोळा दारावर, एक दुधावर," ती म्हणाली. "घराला अशीच बाई लागते." त्या डोक्याचं नाव पडलं 'भांडकुदळ'. आम्ही चार वेळा खोल्या बदलल्या, भांडकुदळ दर वेळी भांड्यांच्या आधी नव्या घरात गेली.

आई संध्याकाळी दमून येत असणार. आता मला ते कळतं, कारण आता मीही दमून येते. तेव्हा मात्र ती दारातून आत यायची तीच काहीतरी डोक्यात घेऊन. उकडलेल्या अंड्यांना चेहरे काढायची, आणि दादा सोलायला लागला की अंड्याच्या आवाजात ओरडायची, "अरे, निदान टोपी तरी राहू दे!" फुटलेल्या कपाच्या दांड्याचं नाक करायची. शिडीखालच्या भिंतीवर ओल आली होती, त्या डागाला तिने पाय काढले, शेपूट काढलं, आणि ओल वाढेल तसं ते जनावर वाढत गेलं. घरमालक चिडला. आई म्हणाली, "ओल तुमची, जनावर माझं. तुम्ही ओल काढा, मी जनावर काढते."

बाबा एका गोदामावर रात्रपाळीचे राखणदार होते. दिवसा झोपायचे, आणि एकदा झोपले की ढोल वाजवला तरी उठायचे नाहीत. एका दुपारी आईने त्यांच्या दोन्ही पापण्यांवर टपोरे उघडे डोळे रंगवले. पापण्यांचे केस काढले, चमकेचा ठिपकाही सोडला नाही. नेमका त्याच दिवशी घरमालक नळाची तक्रार घेऊन आला. बाबा तसेच डोळे चोळत दारात गेले. बाबांनी डोळे उघडले की झोपाळू, मिटले की टक्क जागे. घरमालक बोलता बोलता अडखळायला लागला, नळाचं सोडून "तब्येत बरी आहे ना?" म्हणाला आणि गेला. बाबा आरशासमोर उभे राहिले तेव्हा आम्ही तिघं पलंगाखाली लपलो होतो. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "हे गोदामावर चालतील. मी झोपलो तरी कळायचं नाही कुणाला." आणि खरंच तसेच कामावर गेले.

माझं काम ठिपक्याचं होतं. बुबुळ झालं, मधला काळा गोल झाला, की शेवटी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका लागतो. तो नसला की बाहुली मेलेली दिसते. घरच्या चेहऱ्यांना तो ठिपका मी काडेपेटीच्या काडीने द्यायचे. म्हणून आई मला ठिपकी म्हणायची. दादाचा धीर ठिपक्यापर्यंत टिकायचा नाही, तो तोवर अंडं खाऊन मोकळा झालेला असायचा.

थोडी मोठी झाले तशी बढती मिळाली. कारखान्यासारखंच घरी सुरू झालं: आई डावा डोळा काढायची, कागद माझ्याकडे सरकवायची आणि म्हणायची, "सरळ. आता तुझा." आईच्या डोळ्याशेजारी आपला डोळा काढायचा म्हणजे परीक्षाच. मला तसा गोल कधी जमला नाही. मग मी युक्ती केली. एक वाकडी रेघ आणि खाली तीन केस, म्हणजे झाला मिटलेला डोळा. आई "सरळ" म्हणो की "दाराकडे" म्हणो, माझा आपला मिटलेलाच. त्यामुळे आमच्या घरातले सगळे चेहरे डोळा मारायचे. अंडी डोळा मारायची, पिठाचा डबा डोळा मारायचा, मोरीच्या दारावरचा मासाही.

"काय बाई हे घर," आई म्हणायची. "पाहुण्याने कुठे बघावं?"

"तू का नाही काढत मिटलेला?" मी विचारायचे.

"मला येत नाही गं. मुकादम म्हणतो, झोपलेली बाहुली कोण घेणार? इतकी वर्षं उघडेच काढलेत. आता हाताला दुसरं काही कळत नाही. मिटलेले डोळे तुझ्याकडे."

पुढे डोळ्यांचे चिकटवायचे छाप निघाले आणि डाव्या-उजव्या दोघींची गरज संपली. बाबा गेले, मावशी गेली. दादा नोकरीसाठी लांबच्या शहरात गेला आणि तिथलाच झाला. मी आणि आई दोन खोल्यांत राहिलो. मी एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींवर आहे. ओल्या चादरी यंत्रातून काढायच्या, गरम रुळातून घालायच्या, समोरच्या बाईबरोबर टोकाला टोक जुळवून घड्या घालायच्या. बसायला मिळत नाही. संध्याकाळी पाय माझे आहेत असं वाटत नाही. तरी घरी आले की आईने काहीतरी करून ठेवलेलं असायचं. माझ्या चपलेच्या आत, टाचेच्या जागी चेहरा काढलेला असायचा आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं: 'उतर आता.'

मग तिला झटका आला. डावा हात-पाय लुळा पडला, तो हळूहळू थोडा सावरला. काठी घेऊन चालायला लागली. बोलणं शाबूत, जीभ तर पहिल्यासारखीच. मला वाटलं, सुटलो. पण मग दिसायला लागलं की ताटातलं अर्धंच जेवण संपतंय. उजवीकडचं चाटूनपुसून, डावीकडचं जसंच्या तसं. आणि वर म्हणायची, "आज एवढंच वाढलंस?" मी ताट फिरवायचे. जादू झाल्यासारखं तिला जेवण दिसायचं. केस विंचरायची ते उजवीकडचेच. डाव्या बाजूने कुणी आलं, बोललं, की ती उजवीकडे बघून उत्तर द्यायची.

आठवड्यातून एकदा एक बाई तिच्याकडून व्यायाम करून घ्यायला यायच्या. त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन समजावलं. "डोळे चांगले आहेत त्यांचे. पण डावी बाजू म्हणून काही असतं, हेच त्यांच्या मनातून गेलंय. तुम्ही मुद्दाम डावीकडेच बसा. डावीकडूनच बोला. मान वळवू द्या त्यांना."

मी डावीकडे बसायला लागले. आई समोर बघत म्हणायची, "ठिपकी अजून आली नाही का गं?" हे ती कुणाला विचारत होती कोण जाणे. मी तिची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवायचे. मग तिचा चेहरा उजळायचा. "अगं, केव्हा आलीस?" संध्याकाळभर मी अशी पुन्हा पुन्हा घरी यायचे. पहिले काही दिवस त्याचं हसू यायचं. नंतर येईनासं झालं.

एके दिवशी तिने गॅसवर चहा ठेवला, गाळला, प्यायली. डावीकडची शेगडीही तिने चुकून पेटवली होती. ती तशीच जळत राहिली. तिची डावी बाही त्यावरून गेली. शेजारच्या काकूंना वास आला म्हणून थोडक्यात निभावलं, बाही जळली आणि मनगट भाजलं. त्या संध्याकाळी दादाचा फोन आला.

"हे असं नाही चालायचं," तो म्हणाला. "तू कामावर, ती घरी एकटी. इथल्या वृद्धाश्रमात मी बोललोय. नाहीतर तिकडचा एखादा बघू, तुझ्या जवळचा."

"मी काम सोडू का?"

"मी असं कुठे म्हटलं?"

तो तसं म्हणत नव्हता, हेही खरंच. पण मी काम सोडलं तर दोघींनी खायचं काय? शेवटी व्यायामवाल्या बाईंवर सोपवायचं ठरलं. त्या म्हणाल्या, "त्या आपण होऊन डावीकडे बघायला लागल्या, तर दिवसा एकट्या राहू शकतील. नाहीतर मी तरी 'हो' म्हणणार नाही." पुढच्या महिन्यात बघून सांगते म्हणाल्या.

तर एवढंच हवं होतं, आईने डावीकडे बघायला हवं होतं. ज्या बाईने सगळं आयुष्य डाव्या डोळ्यावर काढलं, तिने. मी मनात म्हटलं, दुसरं काही विसरेल, पण तो डोळा कसा विसरेल? हात विसरायचा नाही. मी भांडकुदळ फळीवरून काढून तिच्या पुढ्यात ठेवली. कागद आणले, रंग आणले, बारीक ब्रश आणला. कामावरून आले की चहाही न घेता तिच्या डावीकडे बसायचे.

"काढ चेहरा," मी म्हणायचे.

आई खुशीत यायची. गोल काढायची, तो डावीकडे पुरा मिटायचाच नाही. मग डोळा काढायची. बुबुळ, काळा गोल, पापण्या, ठिपका. अजूनही असा सुरेख की बघत राहावं. पण उजवीकडचा. जो तिने आयुष्यात कधी काढला नव्हता, तो. मग कागद ढकलायची. "सरळ. आता तुझा."

"आई, हा उजवा झाला. तुझा डावा ना?"

"हाच माझा," ती शांतपणे म्हणायची. "राहिलेला तुझा."

मी रोज तेच केलं. डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली, म्हटलं, पट्टी दिसेपर्यंत मान वळव. ती एकदा वळवायची आणि लगेच विसरायची. मी एकदा ओरडलेही. दिवसभर चादरी ओढून आलेली मी, त्या कोऱ्या अर्ध्या चेहऱ्याकडे बघून मला रडूच फुटलं. आई उजवीकडे बघत म्हणाली, "कोण रडतंय गं?"

महिन्याने बाई आल्या. त्यांनी टेबलावर वस्तू मांडल्या, उजवीकडे चमचा, कात्री, मधे पेला, डावीकडे किल्ली आणि भांडकुदळ. "काय काय दिसतंय सांगा बरं." आईने चमचा सांगितला, कात्री सांगितली, पेला सांगितला आणि थांबली. भांडकुदळ तिच्या डाव्या हाताजवळ बसून एका डोळ्याने दाराकडे बघत होती. मग बाई म्हणाल्या, "मला एक चेहरा काढून द्या." आईने एक डोळा काढला, आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"दुसरा राहिला, आजी."

"तो मी नाही काढत," आई ठामपणे म्हणाली. "तो माझी मुलगी काढते."

बाईंनी माझ्याकडे बघून 'नाही' म्हणून मान हलवली.

वृद्धाश्रम माझ्या कामाच्या वाटेवरच आहे. खोली स्वच्छ, तिघींची, आईचा पलंग खिडकीजवळ. तिला पोचवून परत आले तेव्हा घरात कुणी "केव्हा आलीस?" म्हणायला नव्हतं. मी पडले ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपले. सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचा इतका राग आला की दिवसभर कुणाशी धड बोलले नाही.

तिथे आईचं बस्तान चार दिवसांत बसलं. दर रविवारी मी जायचे तर तिच्या खोलीत माणसांची ही गर्दी. आई सगळ्यांचे चेहरे काढत होती. शेजारच्या आजी, जेवण वाढणारी, झाडणारा, सगळे भिंतीला चिकटवलेले आणि सगळे उजव्या डोळ्याचे. माझी चाहूल लागली की एक आजोबा तक्रार घेऊन यायचे. "ताई, आठवडाभर मी काणा आहे. तुमच्या आईला विचारलं तर म्हणते, रविवारी माझी मुलगी येईल आणि पुरं करेल."

म्हणजे रविवारचंही काम लागलं. मी आईच्या डावीकडे खुर्ची ओढायचे, सवयीने, आणि एकेक कागद घेऊन डावा डोळा काढायचे. लोकांना मिटलेला चालेना. त्यांना दोन्ही उघडे हवे होते. एवढ्या वर्षांनी मी आईचा डोळा काढायला शिकले, तोही इतका बऱ्यापैकी की आजोबा खूश झाले. आई मात्र माझ्याकडे बघायची नाही. मी तिच्या शेजारी बसून काढत असायचे आणि ती जेवण वाढणारीला विचारायची, "ठिपकी आली का गं?"

गेल्या रविवारी धुलाईखान्यात कुणीतरी आजारी पडलं म्हणून सकाळची पाळी करूनच मी तिकडे गेले. हातांना साबणाचा वास, डोळ्यांत वाळू. खुर्ची ओढली, पहिला कागद मांडीवर घेतला, ब्रश पाण्यात बुडवला. त्यानंतरचं आठवत नाही. जाग आली तेव्हा मान आखडली होती आणि ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. ब्रश माझ्या हातात नव्हता. तो आईच्या हातात होता.

तिच्या मांडीवर एक चेहरा होता. डाव्या कडेला गोल अर्धवट सोडलेला, नेहमीसारखा. केस विस्कटलेले, खाली कोपरावर बाहीची घडी, ती माझी; म्हणजे चेहराही माझाच. आणि उजव्या बाजूला एक डोळा. त्यात बुबुळ नव्हतं, काळा गोल नव्हता, ठिपका नव्हता. एक वाकडी रेघ आणि खाली तीन केस. तिने आयुष्यात पहिल्यांदा मिटलेला डोळा काढला होता. रेघ थरथरली होती, दोनदा गिरवलेली दिसत होती.

मी खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची तिच्या डावीकडे होती. मी सगळा वेळ तिच्या डावीकडेच झोपले होते.

"आई," मी म्हटलं. "आई, तू इकडे बघितलंस?"

ती समोर उजवीकडेच बघत होती. माझा आवाज कुठून आला हे तिला कळलं नसावं. तिने बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "झोपलीय ती. फार दमलीय गं माझी पोर." मग कागद हलकेच माझ्या बाजूला सरकवला आणि कारखान्यातल्यासारखं पुटपुटली, "मिटलेला. आता तुझा."

मी ब्रश घेतला. मिटलेला डोळा मला लहानपणापासून येतो.